सकाळी लंगडणारे मूल



संधिवात म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे कोण उभे राहते? ओसरीवर गुडघे चोळीत बसलेली आजी, किंवा कठड्याला धरून देवळाच्या पायऱ्या चढणारे आजोबा. तीन-चार वर्षांच्या पोराचा या शब्दाशी काही संबंध असेल, ही कल्पनाच आपल्याला विचित्र वाटते. "लेकराला कुठे संधिवात होतो का, डॉक्टर?" हा प्रश्न मी इतक्या आजीबाईंच्या तोंडून ऐकला आहे, की आता त्यांनी तोंड उघडण्यापूर्वीच मी "होतो" असे सांगून टाकतो.

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे वा अधिक टिकलेली आणि जिचे दुसरे काही कारण सापडत नाही अशी सांध्यांची सूज, तिला आज बालसंधिवात असे एकच नाव देतात. पण या एका छपराखाली बिऱ्हाडे अनेक आहेत. पाश्चात्त्य देशांतील मोजणी पाहिली तर सारे प्रकार मिळून हजार मुलांत साधारण एखादे मूल भरते. त्यांतला जो प्रकार सांध्यांपुरता न राहता सर्वांग व्यापतो, तो याहून पुष्कळ विरळा. मला आज मुख्यतः त्याच्याविषयी बोलायचे आहे, कारण या दुखण्याइतकी घरच्या माणसांची परीक्षा पाहणारी दुखणी थोडी.

समजा, एक चार वर्षांची मुलगी आहे. तिला ताप येऊ लागतो. दिवसभर अंग थंड, पोरगी खेळती. पण दिवेलागणीच्या सुमारास ताप चढतो तो १०३ अंशांपर्यंत. छातीवर, दंडांवर, मांड्यांवर फिकट गुलाबी पुरळ उमटते. मध्यरात्री ताप उतरतो आणि त्याच्याबरोबर पुरळही नाहीसे होते. सकाळी आई तिला दवाखान्यात घेऊन जाते तेव्हा दाखवायला काहीच नसते! दोन आठवडे हेच चालते. मग एके दिवशी मुलगी अंथरुणातून उतरत नाही. "पाय दुखतो, कडेवर घे" म्हणते. तिला उचलून मोरीपर्यंत न्यावे लागते. आणि दहा-साडेदहा वाजता पाहावे, तर हीच मुलगी अंगणात शेजारच्या पोरांमागे पळते आहे. घरातली माणसे काय म्हणतील? "बालवाडी चुकवायची युक्ती आहे झाले!"

माणसांना हसण्याचा अधिकार मला नाही. वैद्यक व्यवसायात मी नवा होतो तेव्हा अशाच एका मुलीच्या आईला मी म्हणालो होतो, "बाई, पोर लाडावली आहे, कडेवर घेणे सोडा, आपोआप चालेल." मुलगी माझ्यासमोर खोलीभर हिंडत होती, अकरा वाजले होते, आणि विषमज्वराचे औषध मी आधीच देऊन बसलो होतो. आईने माझे ऐकले. पाच आठवड्यांनी तिला पुन्हा पाहिले तेव्हा दोन्ही गुडघे आणि मनगटे सुजलेली होती, आणि ती मुलगी दुखते म्हणून सांगायचीच बंद झाली होती. गुडघ्याची सूज पुढे औषधाने उतरली. पण दुखते हे तिने पुन्हा सांगू लागायला किती महिने गेले, हे तिच्या आईलाच ठाऊक.

सकाळी लंगडणे आणि दुपारी पळणे हे सोंग नव्हे. ते या रोगाचे लक्षणच आहे. सांध्याच्या आतून एक नाजूक अस्तर असते. त्याला दाह झाला की ते फुगते, पाझरते. रात्रभर सांधा हलला नाही की तो आखडतो. हालचाल सुरू झाली, अंग तापले, की हळूहळू मोकळा होतो. दुपारी निजून उठल्यावर किंवा मोटारीतून लांबचा प्रवास करून उतरल्यावर हाच प्रकार. म्हणून मूल दुपारी पळते एवढ्यावरून ते सकाळी खोटे बोलत होते असे ठरत नाही. दोन्ही वेळी ते खरेच सांगत असते.

या दुखण्याचे पहिले नीट वर्णन जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या इंग्रज डॉक्टराने १८९७ साली केले. लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीटवरील मुलांच्या रुग्णालयात तो काम करी. त्याने बावीस मुलांचा अभ्यास करून दाखविले, की मुलांचा संधिवात म्हणजे मोठ्यांच्या संधिवाताची छोटी आवृत्ती नव्हे. त्यांतल्या काही मुलांना सांध्यांबरोबर ताप येतो, काखेतल्या नि मानेतल्या गाठी सुजतात, पांथरी वाढते, हृदयाच्या आवरणालाही दाह होतो. सव्वाशे वर्षे होऊन गेली तरी या प्रकाराला पुष्कळ डॉक्टर अजून 'स्टिलचा रोग' म्हणतात.

आता 'दाह' म्हणजे काय? काटा रुतला तर बोट लाल होते, सुजते, ठणकते. ही आपल्या शरीराची संरक्षक फौज कामाला लागल्याची खूण. ही फौज एकमेकींना निरोप धाडते ते काही रासायनिक द्रव्यांच्या द्वारा. या रोगात शत्रू कोणी नसताना हे निरोप सुटत राहतात. फौज उठते ती आपल्याच घरावर. यांतले एक निरोप्या द्रव्य जपानात ओसाका येथे तादामित्सु किशिमोतो यांच्या प्रयोगशाळेने १९८६ मध्ये नेमके ओळखले, आणि त्याचाच मार्ग अडविणारे टॉसिलिझुमॅब हे औषध या प्रकारच्या बालसंधिवातासाठी जपानात २००८ साली व अमेरिकेत २०११ साली संमत झाले. पण हे निरोप मुळात सुटतात का, ते अद्याप कळलेले नाही. आईने बाळंतपणात काय खाल्ले, मूल पावसात भिजले का, कोणाची दृष्ट लागली का, यांतले काहीही त्याचे कारण नाही. हे मी मुद्दाम सांगतो. कारण निदान झाले त्या रात्री बहुतेक घरांत पहिला शोध औषधाचा होत नाही, अपराध्याचा होतो; आणि तो बहुधा आईपाशी येऊन थांबतो. हा रोग संसर्गजन्यही नाही. शेजाऱ्यांनी आपली पोरे आवरून धरण्याचे कारण नाही.

निदानाला वेळ लागतो, त्यानेही माणसे चिडतात. रक्ताची एक तपासणी केली आणि रोग कळला, असे येथे होत नाही. आपल्या देशात लांबलेला ताप म्हटला की विषमज्वर, हिवताप, क्षय हे आधी वगळले पाहिजेत. रक्ताचा कर्करोगही मुलांत ताप आणि हाडदुखी घेऊन येतो, म्हणून कित्येकदा हाडातील मगज तपासावा लागतो. स्टेरॉईड सुरू करण्यापूर्वी ही शंका फेडून घेणे फार महत्त्वाचे, नाहीतर ते औषध कर्करोगाची खूण काही काळ पुसून टाकते आणि खरा रोग झाकला जातो. तेव्हा "इतक्या तपासण्या कशाला?" असे म्हणून एका डॉक्टराकडून दुसऱ्याकडे धावू नये. त्याऐवजी घरी एक वही घालावी. ताप किती वाजता चढला, किती चढला, कधी उतरला. सकाळी पाऊल मोकळे व्हायला किती वेळ लागला. पुरळ दिसले की लगेच मोबाईलवर छायाचित्र काढून ठेवावे. मी सांगितलेल्या त्या मुलीच्या आईजवळ त्या काळी असे यंत्र असते, तर माझी फजिती आणि तिचे पाच आठवडे, दोन्ही वाचले असते.

औषधांविषयी घरोघर दोन टोके दिसतात. एक घाबरणारे, दुसरे कंटाळणारे. स्टेरॉईडचे नाव घेताच घाबरणारे पालक अगदीच चुकतात असे मी म्हणणार नाही. ते औषध आग झटकन विझविते, पण दीर्घकाळ मोठ्या मात्रेत घेतले तर उंची खुंटते, हाडे ठिसूळ होतात, तोंड गोल होते, भूक अनावर होते. (नातेवाईक मात्र येऊन म्हणतात, "वा, तब्येत छान सुधारली!" आईला त्या क्षणी काय वाटत असेल ते त्यांना कोण सांगणार?) म्हणूनच डॉक्टर त्याची मात्रा कमी करण्याच्या मागे असतात. पण ती कमी करायची ती पायरीपायरीने आणि डॉक्टराच्या सांगण्यावरून. बाहेरून स्टेरॉईड मिळू लागले की मूत्रपिंडांवरच्या ज्या ग्रंथी ते स्वतः तयार करतात, त्या निजतात. आणि एकाएकी गोळी थांबविली तर मूल गळून जाते, ओकू लागते, प्रसंगी जिवावर बेतते.

दुसरे औषध मेथोट्रेक्सेट. खोक्यातला कागद वाचून बाप रात्री अकरा वाजता फोन करतो, "डॉक्टर, हे तर कर्करोगाचे औषध!" खरे आहे. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करीत. त्यांच्या चमूने तयार केलेल्या औषधाने बॉस्टनच्या सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाने ग्रासलेल्या मुलांचा रोग प्रथमच काही काळ मागे हटविला. ते वृत्त १९४८ साली प्रसिद्ध झाले, आणि त्याच वर्षी सुब्बाराव वारले. मेथोट्रेक्सेट हे त्याच कुळातले भावंड. संधिवातात त्याची मात्रा कर्करोगाच्या मानाने अगदी थोडी असते आणि ते आठवड्यातून एकदाच द्यायचे असते. एकदाच! चुकून रोज दिले तर तेच औषध विष होते, आणि असे अपघात घडलेले आहेत. वार ठरवा, दिनदर्शिकेवर खूण करा, आणि घरात एकाच माणसाकडे ते काम द्या. आजीने दिले की नाही हे आईला ठाऊक नाही, असे होता कामा नये.

नवी इंजेक्शने, म्हणजे टॉसिलिझुमॅब किंवा त्याच्या जातीची इतर, यांनी या रोगाचे चित्र पालटले, ही अतिशयोक्ती नव्हे. जी मुले पूर्वी वाकड्या सांध्यांनी खुर्चीला खिळत, त्यांतली कित्येक आज शाळेच्या मैदानावर आहेत. पण ती महाग आहेत, आणि ती सुरू करण्यापूर्वी शरीरात क्षय दडलेला नाही ना हे पाहावे लागते. अशी औषधे चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी साधारणतः देत नाहीत. तेव्हा लसीकरणाचे कार्ड प्रत्येक भेटीला बरोबर हवे, आणि घरात किंवा वर्गात कांजिण्या वा गोवर आला तर डॉक्टराला त्याच दिवशी कळविले पाहिजे.

कंटाळणाऱ्यांचे सांगायचे तर, ताप गेला, सूज उतरली, पोर उड्या मारू लागले, की तिसऱ्या-चौथ्या महिन्यात "आता कशाला विष पोटात घालायचे?" असा विचार डोके वर काढतो. त्याच सुमारास कोणीतरी एक पुडी आणून देतो. ज्या चूर्णाने चार दिवसांत चमत्कार होतो त्यात स्टेरॉईड मिसळलेले असण्याचा संभव फार, हे लक्षात असू द्या. सुजलेल्या सांध्यावर बिब्बा लावू नका. कातडी भाजते आणि आतला दाह आहे तेथेच राहतो. सुजेवर जोराने रगडू नका, हाडवैद्याकडून ओढून घेऊ नका.

एका संकटाची खूण मात्र प्रत्येक आईबापाला पाठ हवी. या प्रकारच्या दहा मुलांत साधारण एका मुलाच्या बाबतीत ही फौज पुरती बेभान होते. एरवी रोज चढून उतरणारा ताप उतरेनासा होतो. मूल सुस्त पडते, बरळते, अंगावर काळेनिळे डाग पडतात, हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. अशा वेळी रक्तातल्या पेशी घसरतात, फेरिटिन नावाचे द्रव्य भलतेच वाढते, आणि ई.एस.आर. हा जो दाहाचा आकडा सर्वांना परिचित आहे तो उलट खाली येतो. वडील कागद पाहून म्हणतात, "आकडा सुधारला!" आकडा सुधारला आणि मूल बिघडले, तर मुलाकडे पाहावे. सकाळची वाट न पाहता मोठ्या रुग्णालयात न्यावे. तासांचा प्रश्न असतो.

आता घरातल्या रोजच्या दिवसाकडे येतो. डॉक्टर मुलाला महिन्यातून वीस मिनिटे पाहतो. बाकीचा महिना घरचाच.

सकाळ अर्धा-पाऊण तास आधी सुरू करावी. मुलाला अंथरुणातच जागे करावे, पांघरुणाखाली बोटे, घोटे, गुडघे हळूहळू हलवू द्यावेत, मग ऊन पाण्याने आंघोळ. पाणी बंबातले असो की गीझरचे, आखडलेल्या सांध्याला दोन्ही सारखीच. रात्री गुडघ्याखाली उशी देण्याचा मोह आईला फार होतो, कारण त्याने मुलाला बरे वाटते. ती देऊ नये. गुडघा वाकलेला ठेवला की तो तसाच राहू पाहतो, आणि मग सरळ करायला महिने लागतात. त्यापेक्षा दिवसातून थोडा वेळ पालथे निजवून गोष्ट सांगावी. सूज तीव्र असेल ते दिवस विश्रांतीचे. पण "जपायचे" म्हणून महिनोन् महिने पलंगावर ठेवलेल्या मुलाचे स्नायू वाळतात आणि सांधे अधिकच आखडतात. पोहणे चांगले, तीनचाकी सायकल चांगली. जिने उतरताना उड्या मारणे काही दिवस नको.

आपल्या घरांची रचनाही आड येते. उकिडवे बसण्याचा संडास, पंगतीचा पाट, शाळेतली सतरंजी, या साऱ्यांना वाकणारा गुडघा लागतो. काही दिवसांसाठी एक बुटकी खुर्ची आणि संडासावर ठेवण्याची चौकट एवढ्यानेच मुलाचा निम्मा अपमान टळतो. मनगट सुजले असेल तर पोळीचा तुकडा मोडत नाही. तेव्हा भरवू नका. पोळी आधी कुस्करून चमचा द्या. स्वतः जेवल्याचा मान त्याला मिळाला पाहिजे, मग सदरा वरणाने भरला तरी चालेल.

शाळेत आईने एकदा जाऊन बाईंना पाच मिनिटांत सगळे सांगावे, शक्य तर डॉक्टराच्या चिठ्ठीसह: सकाळी उशीर होईल तो आळस नव्हे, अर्ध्या तासाने एकदा उठून वर्गात फेरी मारू द्या, पेन्सिलीभोवती कापड गुंडाळलेले आहे ते काढायला लावू नका, आणि मधल्या सुट्टीत ती पळाली तर सकाळी तिने फसविले असे समजू नका. हे शेवटचे वाक्य दोनदा सांगावे.

डोळ्यांचे एक वाक्यात सांगतो, कारण तेथे चूक झाली तर भरून येत नाही. ज्या प्रकारात थोडेच सांधे सुजतात, त्यांत डोळ्याच्या आत दाह होतो आणि डोळा लाल होत नाही, दुखतही नाही. म्हणून बालसंधिवाताच्या मुलाचा डोळा नेत्रवैद्याने किती महिन्यांनी यंत्रातून पाहायचा, हे निदानाच्या दिवशीच ठरवून घ्यावे.

आता सुईचे. "नीट जेवली नाहीस तर डॉक्टरकाका टोचतील," हे वाक्य आपल्या घरांतून कायमचे हद्दपार झाले तर मी किती ऋणी होईन! ज्या मुलाला आठवड्याला सुई घ्यायची आहे, त्याला सुई ही शिक्षा वाटू लागली तर पुढची वर्षे जायची कशी? आणि "मुळीच दुखणार नाही" हेही सांगू नये. ते खोटे आहे, आणि मुलाला ते दोन सेकंदांत कळते. "टोचेल, थोडे दुखेल, आपण दहा म्हणेपर्यंत संपेल, डावा हात की उजवा, ते तू सांग," एवढे पुरे. आधी बर्फाचा खडा लावावा. रडले तर रडू द्यावे. रडणे म्हणजे हरणे नव्हे.

घरातल्या दुसऱ्या मुलाकडेही पाहावे. धाकटीच्या दुखण्यात थोरल्याची सहामाही परीक्षा कधी होऊन गेली हे कोणाला आठवतही नाही, आणि मग तोही एक दिवस पाय दुखतो म्हणू लागतो. त्याला रागावू नये. त्याला घेऊन बापाने एकट्याने कोठेतरी फिरून यावे.

आणि एके संध्याकाळी मुलगी विचारते, "आई, मी बरी कधी होणार?" मोठ्यांना या प्रश्नाचे उत्तर माहीत नसते, म्हणून ती विषय बदलतात. माहीत आहे ते इतकेच: काही मुलांना हे दुखणे एकदा येते आणि जाते, काहींना मध्ये वर्ष-दोन वर्षे गप्प बसून पुन्हा उठते, काहींना वर्षानुवर्षे सोबत करते, आणि कोण कशात बसेल ते पहिल्या दिवशी कोणी सांगू शकत नाही. चार वर्षांच्या मुलीला यातले काय सांगायचे? ज्या आईला मी लाड सोडा म्हणालो होतो, तिचे उत्तर मी पुढे ऐकले आणि तेव्हापासून इतरांना तेच सांगत आलो आहे. ती म्हणायची, "ते अजून मलाही ठाऊक नाही गं. उद्या सकाळी ऊन पाण्याने आंघोळ करू, आणि मग तुझे पाय काय म्हणतात ते तू मला सांग. आपण वहीत लिहू."